‘अंगावरून वारं गेलं’ : दवाखान्यात सांगायचं कसं, समजून घ्यायचं कसं



आरोग्याच्या पानावर आपण दर वेळी एखाद्या रोगाविषयी बोलतो. या वेळी रोग सांगण्याविषयी बोलायचं आहे. रोग ओळखायला मशीन आहे, तपासणी आहे. पण तपासणी कोणती करायची हे डॉक्टर आपल्या तोंडून ऐकलेल्या दोन-चार वाक्यांवरूनच ठरवतात. ती वाक्यं त्यांना कळलीच नाहीत तर पुढचं सगळं चुकतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतले एक मामा, वय पंचावन्नच्या आसपास, गवंडीकाम करणारे. सकाळी सात वाजता चहाचा कप हातातून सुटला. उजवा हात जड पडला, बोलणं थोडं बोबडं झालं. मामींनी वेळ घालवला नाही. रिक्षा केली आणि साडेआठला मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचल्या. कॅज्युअल्टीत एक तरुण शिकाऊ डॉक्टर होते, परराज्यातून आलेले. मामा टॉवेल पांघरून बाकावर बसलेले. मामी म्हणाल्या, ‘साहेब, यांच्या अंगावरून वारं गेलं.’ डॉक्टरांनी विचारलं, ‘हवा लगी? बुखार है?’ मामी म्हणाल्या, ‘हो, रात्री अंग गरम होतं.’ डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या लिहिल्या, रक्त तपासायला सांगितलं आणि ओपीडीच्या रांगेत पाठवलं.

रांगेत दुपारचा एक वाजला. तिथून जाणाऱ्या एका सिस्टरला मामांचं वाकडं झालेलं तोंड दिसलं. मग धावपळ झाली, सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता, म्हणजे रक्ताची नळी तुंबली होती. अशा लकव्यात तुंबलेलं रक्त विरघळवणारं इंजेक्शन असतं. पण ते पहिलं लक्षण दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मामांना सात वाजता त्रास सुरू झाला होता, म्हणजे साडेअकरापर्यंतची वेळ होती. साडेआठला दवाखान्यात पोचले तेव्हा हातात तीन तास होते. ते तीन तास रांगेत गेले.

आज मामा काठी घेऊन चालतात. उजव्या हातात थापी धरता येत नाही. इंजेक्शन मिळालं असतं तर मामा नक्की बरे झाले असते असं आम्ही म्हणणार नाही; ते सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. पण ती संधी मिळायला हवी होती. मामींनी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ‘अंगावरून वारं जाणं’ म्हणजे लकवा, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. डॉक्टरही वाईट मनाचे नव्हते. त्यांनी ‘वारं’ ऐकलं आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हवा असा झाला.

दोष कुणाचा यावर वस्तीत बरेच दिवस चर्चा झाली. आमचं म्हणणं असं की, यंत्रणेची चूक यंत्रणेच्या पदरात घालायचीच, पण तोवर आपल्या घरातलं माणूस वाचवायची युक्तीही आपल्याकडे पाहिजे. या लेखात तीच युक्ती सांगतो.

असं का होतं?

पहिलं कारण भाषेचं. आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत पदव्युत्तर शिक्षणाच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे वॉर्डात भेटणारे डॉक्टर राजस्थानचे असतील, केरळचे असतील, बिहारचे असतील. त्यात गैर काही नाही. आपली पोरंही डॉक्टर व्हायला दुसऱ्या राज्यांत जातात. पण त्यांना पुस्तकातली मराठीही नुकतीच शिकायची असते, मग आपली वऱ्हाडी, मराठवाडी, खानदेशी कुठून कळणार?

दुसरं कारण शिक्षणाचं. आपल्याच गावचा, आपल्याच समाजाचा डॉक्टर असला तरी तो वैद्यकी शिकतो इंग्रजीत. पाच-सहा वर्षांत तो रोगाचा विचारही त्याच शब्दांत करायला लागतो. आपण म्हणतो ‘जीव घाबरा होतो’, आणि तो मनात त्याचं भाषांतर करत असतो. छातीत धडधड, श्वास कमी पडणं, की मनाची भीती? तिन्हींचे इलाज वेगळे.

तिसरं कारण वेळेचं. ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. आपण सुरुवात करतो ‘तीन वर्षांपूर्वी दिराच्या लग्नात…’ तिथून. मूळ दुखण्यापर्यंत पोचेपर्यंत डॉक्टरांनी चिठ्ठी फाडून हातात दिलेली असते.

चौथं कारण जास्त खोल आहे. आपल्याला विचारायची भीती वाटते. आपल्या आजी-आजोबांना वैद्याच्या ओट्यावर चढू दिलं जात नव्हतं, औषधाची पुडी वरून टाकली जायची. तो काळ गेला, पण मोठ्या खुर्चीसमोर मान खाली घालायची सवय अंगात राहिली. डॉक्टर ‘समजलं का?’ म्हणतात आणि आपण काही कळलेलं नसताना ‘हो साहेब’ म्हणतो. बाहेर येऊन मेडिकलवाल्याला विचारतो, नाहीतर शेजारणीला.

आता आमचंही सांगतो. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही वॉर्डात लागलो, तेव्हा आम्हीसुद्धा पेशंटवर ओरडलो आहोत. ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’ हे वाक्य आमच्याही तोंडी होतं. एका आजीने ‘गोळी दूध आटल्यावर घेऊ का?’ असं विचारलं तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. तिला कुणीतरी गोळी दुधाबरोबर घ्यायला सांगितलं होतं आणि तिच्या घरी दूध आटवूनच पीत असत. प्रश्न अगदी बरोबर होता. ती आजी पुन्हा काही विचारायला आली नाही. हे आम्हाला अजून लागून राहिलं आहे.

आपले शब्द डॉक्टरांना कळतील असे कसे सांगावेत

आपले शब्द सोडायचे नाहीत. ते आपल्या आईचे शब्द आहेत. फक्त त्यांच्या मागे एक साधं वाक्य जोडायचं : कुठे, कधीपासून, काय करता येत नाही.

‘अंगावरून वारं गेलं’ : एवढ्यावर थांबू नका. ‘लकवा’ म्हणा, हिंदी बोलणाऱ्यालाही तो शब्द कळतो. पुढे म्हणा, ‘सकाळी सात वाजल्यापासून उजवा हात उचलत नाही, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलतात.’ वेळ सांगायला विसरू नका, इलाज त्या वेळेवर ठरतो.

‘चक्कर येते’ : यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. घर फिरल्यासारखं वाटतं का? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? की नुसता अशक्तपणा आहे? तुमचं कोणतं आहे ते सांगा.

‘गरमी झाली’ : कुणाला तोंड आलेलं असतं, कुणाला लघवीला आग होते, कुणाच्या हातापायांची आग होते, कुणाला लैंगिक आजाराचं दुखणं सांगायचं असतं. डॉक्टर यातलं एक धरतील. आग नेमकी कुठे होते ते बोट दाखवून सांगा.

‘छातीत गॅस अडकला’ : हा शब्द फार घातक ठरू शकतो. आपण स्वतःच रोगाचं नाव ठरवून टाकतो आणि सोडा पितो. गॅस म्हणू नका. ‘छातीत दाब येतो, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाते, घाम सुटला, दम लागतो,’ असं जे होतं ते सांगा. बायकांमध्ये हार्ट अटॅकला छातीत जोराची कळ येतेच असं नाही. नुसता दम लागणं, मळमळ, पाठीत दुखणं, कधी नव्हे एवढा थकवा असंही असू शकतं.

‘अंगावर जातं’ : लाल जातं की पांढरं, हे लाजून न सांगितल्याने कितीतरी बहिणींचं दुखणं वाढलं आहे. किती दिवस जातं, दिवसाला किती कपडे किंवा पॅड बदलावे लागतात, वास येतो का, पाळी थांबल्यावर पुन्हा लाल दिसलं का, हे सगळं सांगा. पाळी बंद होऊन वर्ष झालं आणि पुन्हा लाल दिसलं तर तो तपासणीचा विषय आहे, थांबायचं नाही.

‘खोकला आहे’ : किती दिवसांपासून? दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्या एका आकड्यावर टीबीची थुंकी-तपासणी ठरते.

‘बाळ काही घेत नाही’ : अंगावर पीत नाही की वरचं खात नाही? शेवटची लघवी कधी केली? नेहमीसारखं रडतं का? दाखवायला नेताना हे तीन प्रश्न डोक्यात ठेवा.

डॉक्टरांचे शब्द आपल्याला कळतील असे

उलट बाजूनेही तितकाच गोंधळ असतो.

‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ : रोजच्या बोलण्यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. दवाखान्यात त्याचा अर्थ, जे शोधत होते ते सापडलं. टीबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे टीबी आहे. निगेटिव्ह म्हणजे त्या तपासणीत सापडला नाही. पॉझिटिव्ह ऐकून पेढे वाटायला निघालेला बाप आम्ही पाहिला आहे.

‘शुगर नॉर्मल आहे’, ‘बीपी नॉर्मल आहे’ : याचा अर्थ रोग गेला असा बहुतेक वेळा नसतो. गोळीमुळे तो आटोक्यात आहे एवढाच अर्थ असतो. नॉर्मल ऐकून गोळी बंद करणारी माणसं काही महिन्यांनी लकवा घेऊन परत येतात. आमच्या मामांच्या बाबतीतही तेच होतं. बीपीची गोळी त्यांनी ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून दिवाळीनंतर सोडली होती आणि हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गोळी कमी करायची की बंद, हे फक्त डॉक्टरांना विचारून.

‘उपाशीपोटी या’ : चहासुद्धा चालत नाही. साधं पाणी चालतं. सकाळी साखरेचा चहा पिऊन गेलात की उपाशीपोटीच्या शुगरचा आकडा खोटा येतो आणि गोळी उगाच वाढते.

‘१-०-१’ : चिठ्ठीवरचा पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जेवणाआधी की नंतर, ते वेगळं विचारायचं.

‘कोर्स पूर्ण करा’ : बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. टीबीच्या साध्या प्रकाराला किमान सहा महिने रोज गोळ्या लागतात. दोन महिन्यांत ताप जातो, वजन वाढतं, आणि तिथेच बरेच जण सोडतात. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना न जुमानणारा होऊन परत येऊ शकतो.

‘सलाईनची गरज नाही’ : याचा अर्थ डॉक्टर दुर्लक्ष करतात असा नाही. सलाईन म्हणजे बहुतेक वेळा मिठाचं किंवा साखरेचं पाणी. तोंडाने पाणी पिता येत असेल तर ते टोचून घेण्यात ताकद नाही, पैसा मात्र जातो.

लपवू नका

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. हगवणीने घाणीत पडून राहिलेल्या एका भिक्खूला कुणी पाहत नव्हतं. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी धुतलं आणि बिछान्यावर ठेवलं. ही गोष्ट आपण सगळे ऐकून आहोत. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. तिथे चांगला रोगी कसा असावा आणि चांगला सेवक कसा असावा, हे दोन्ही सांगितलं आहे. सेवा करणाऱ्याला औषध तयार करता यावं, रोग्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे कळावं, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये, रोग्याला धीर देणारं बोलावं. आणि रोग्याने आपलं दुखणं जसं आहे तसं सांगावं. वाढलं तर वाढलं, कमी झालं तर कमी झालं. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आजच्या ओपीडीच्या भिंतीवर लावावी अशी आहे. दोन्ही बाजूंची जबाबदारी तिच्यात आली.

आपण काय लपवतो? दारू. तंबाखू, मिसरी. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. जडीबुटी. भगताकडे जाऊन आलेलं. मध्येच सोडलेलं औषध. घरी केलेला गर्भपात. डॉक्टर रागावतील म्हणून आपण गप्प बसतो. पण गर्भ पाडायची गोळी घेऊन रक्तस्राव होणाऱ्या बाईने ते सांगितलं नाही तर डॉक्टर भलत्याच ठिकाणी कारण शोधत बसतात, आणि जीव जातो. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. त्यांचा राग दोन मिनिटांचा असतो.

लकव्याला कबुतराचं रक्त चोळणं, गरम तेलाने मालिश करणं, असल्या उपायांत पहिले तास घालवू नका. बाबासाहेबांनी आपल्याला या अंधारातून बाहेर काढलं आहे. लकवा वाटला तर तोंडात पाणी, जेवण, गोळी काहीही न देता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

विदर्भातून आलेल्या कुटुंबांसाठी

मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत विदर्भातून आलेली बरीच बौद्ध कुटुंबं आहेत. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकल सेलचं प्रमाण जास्त आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या डॉक्टरांना पोराचं ‘हाडं ठणकतात’ ऐकलं की सिकल आठवतो. इतर शहरांतल्या डॉक्टरांना तो लगेच आठवेलच असं नाही. मग पोराला दुखण्याची सुई देऊन घरी पाठवलं जातं, किंवा वारंवार येतो म्हणून ‘नाटक करतो’ असं म्हटलं जातं.

म्हणून अशा घरांनी पहिल्याच वाक्यात सांगावं, ‘आम्ही विदर्भातले, घरात सिकल सेल आहे,’ किंवा ‘सिकलची तपासणी अजून झालेली नाही.’ रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर तो वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. ‘एसएस’ असेल तर तो रुग्ण. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एसएस रुग्णाला ताप, छातीत दुखणं, श्वास लागणं, अचानक पांढरं पडणं यातलं काही झालं तर घरी थांबायचं नाही. रक्त कमी दिसलं म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, आधी डॉक्टरांना सिकलचं सांगा. १ जुलै २०२३ पासून सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यात तपासणी मोफत होते. रिपोर्टची झेरॉक्स पाकिटात ठेवा.

सही करण्याआधी

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या आपल्या बहिणींचं प्रकरण आठवा. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. कितीतरी तरुण वयाच्या. पांढरं जातं, पोटात दुखतं एवढं सांगायला गेलेल्या बायकांना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी होत्या. मुकादमाच्या कामात खाडा पडू नये हीही भीती होती. ‘कॅन्सर’ या एका शब्दापुढे कुणाची छाती होणार प्रश्न विचारायची?

पण विचारायचं. संमती म्हणजे काय, हे सुप्रीम कोर्टाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात बाई तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत होती आणि तिच्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी व बीजकोश काढले गेले होते. कोर्टाने सांगितलं की शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान पेशंटची स्वतःची संमती लागते. तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही. अपवाद फक्त जीव वाचवायला लगेच काही करावं लागतं तेव्हाचा.

सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. मला नेमकं काय झालंय? हे ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? ऑपरेशनशिवाय दुसरा इलाज आहे का? आजच करायला पाहिजे का, की मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारू शकते? फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा. समजल्याशिवाय सही करायची नाही.

आपले हक्क

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार खासगी नर्सिंग होमनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. त्यातलं निदान इतकं प्रत्येक घरात माहीत असावं : आपल्या रोगाची माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क. धर्म, जात, रोग यावरून भेदभाव न होण्याचा हक्क. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देण्याचं बंधन डॉक्टरांवर २००२ पासून आहे. तातडीच्या पेशंटला पोलिस केस आहे म्हणून परत पाठवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

आडनाव किंवा वस्तीचं नाव ऐकल्यावर आवाज बदलतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. हात न लावता लांबून तपासणं, ‘तुम्ही लोक घाण राहता’ म्हणणं, हे आम्ही कानांनी ऐकलं आहे. अशा वेळी भांडून केस पेपर फेकू नका, इलाज अर्धा राहतो. तारीख, वेळ, ओपीडीचा नंबर, काय बोललं गेलं, सोबत कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दवाखान्यात येण्यापासून जातीवरून अडवलं तर तो ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगतो. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलावं हा विषय आला आहे, सुरुवातीला स्थानिक भाषाही शिकवतात. नव्या मुलामुलींत ऐकून घेणारे डॉक्टर वाढत आहेत. आपण नीट सांगितलं तर त्यांनाही ते हवं असतं.

घरी आणि विहारात करायचा अभ्यास

एक. जायच्या आदल्या रात्री एका कागदावर चार ओळी लिहा : काय होतंय, कधीपासून, सध्या कोणती औषधं चालू आहेत, पूर्वीचे आजार आणि ऑपरेशन. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाका.

दोन. मोठं दुखणं असेल तर सोबत एक माणूस न्या, ऐकायला आणि लक्षात ठेवायला. पण आईच्या अंगावर जाण्याचं दुखणं सांगायला दहा वर्षांच्या मुलाला दुभाष्या करू नका. दोघंही लाजतात, आणि अर्धं राहून जातं. बाईबरोबर बाई जावी.

तीन. डॉक्टरांची भाषा कळत नसेल तर ‘हो’ म्हणू नका. म्हणा, ‘मला कळलं नाही, मराठी येणाऱ्या कुणाला बोलवा.’ सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय कुणीतरी असतंच.

चार. निघण्याआधी आपण काय समजलो ते परत बोलून दाखवा. ‘म्हणजे ही पांढरी गोळी सकाळी जेवणाआधी, ही पिवळी रात्री, आणि पंधरा दिवसांनी परत यायचं. बरोबर ना?’ चुकलं असेल तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतील. या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

पाच. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढा. एकीने डॉक्टर व्हायचं, एकीने पेशंट. डॉक्टर झालेलीने फक्त हिंदीत बोलायचं. दोन मिनिटांत दुखणं सांगून दाखवायचं. आमच्या वस्तीत हे सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. तिसऱ्या रविवारी मामी उठल्या. म्हणाल्या, ‘आज सात बजे से राइट हाथ उठता नहीं. लकवा है. टाइम लिखो.’ विहारात कुणी हसलं नाही.

मामींना ते वाक्य आता कामाला येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. आपल्या कामाला यावं म्हणून त्या दर महिन्याला ते म्हणून दाखवतात. तुमच्या विहारातही कुणीतरी उठून म्हणावं.

जयभीम. नमो बुद्धाय.